चित्रातला दुसरा माणूस

आंद्रेआस व्हेसालियस हा ब्रसेल्सचा. पादुआच्या विद्यापीठात तो शरीररचना आणि शल्यकर्म शिकवत असे. १५४२ सालच्या त्याच्या काष्ठठशाच्या चित्रात टेबलाच्या कडेवर त्याचं वय लिहिलं आहे : २८. परंपरेनं हे चित्र टिशियनच्या चित्रशाळेतल्या यान व्हान काल्कारच्या नावावर सांगतात. पुढच्याच वर्षी बाझेलला छापलेल्या व्हेसालियसच्या शरीररचनेवरच्या महाग्रंथात ते आलं.

लघवी तपासायची काचेची कुपी ही तेव्हा वैद्याची ओळख होती. व्हेसालियसनं मात्र मेलेल्या माणसाचा हात धरला आहे. कातडी सोललेली, बोटं हलवणारे स्नायू आणि कंडरा उघडे. टेबलावर चाकू, दौत, लेखणी आणि त्याच स्नायूंविषयी लिहिलेला कागद. नजर थेट आपल्याकडे.

मला यात त्याचा हट्ट दिसतो. वैद्यांनी हाताचं काम न्हाव्यांवर सोपवलं आणि विद्या बुडाली, असं त्यानं ग्रंथाच्या प्रस्तावनेत कळवळून लिहिलं आहे. प्राध्यापक उंच आसनावरून गॅलेन या प्राचीन ग्रीक वैद्याची पोथी वाचायचे, खाली न्हावी प्रेत चिरायचा. पोथी आणि देह जुळले नाहीत तर पोथीच खरी. गॅलेननं तर माकडं आणि डुकरं चिरून बरंचसं लिहिलेलं. व्हेसालियसनं आसन सोडून स्वतः चाकू घेतला आणि दाखवलं, की माणसाच्या खालच्या जबड्यात दोन नाही, एकच हाड असतं. तेराशे वर्षं टिकलेल्या अधिकाराला त्यानं बोटांनी चाचपून उत्तर दिलं. हे धैर्य मला फार मोठं वाटतं.

पण चित्रात माणसं दोन आहेत. दुसऱ्याचं नाव नाही, वय नाही. व्हेसालियसकडे येणारी प्रेतं बहुतेक फाशी गेलेल्यांची असत. लूव्हेनला असताना गावाबाहेरच्या वधस्तंभावरचा सांगाडा त्यानं चोरून घरी आणला, हे तो स्वतःच सांगतो. आज आपल्याकडे माणूस जिवंतपणी, घरच्यांशी बोलून देहदानाचा अर्ज भरतो आणि अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत विद्यार्थी त्या देहापुढे आदराची शपथ घेऊन अभ्यास सुरू करतात. पादुआतल्या त्या माणसाला कुणी विचारलं नव्हतं. आपल्या शरीराबद्दल आपल्याला जे कळलं, त्याच्या श्रेयात त्याचाही वाटा मी धरते.