अश्वशक्ती आणि लगाम

1 जून ते 31 जुलै या काळात आपल्या पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यापासून उरणजवळच्या करंजा बंदरापर्यंत बोटी किनाऱ्याला लागतात, जाळी दुरुस्तीला निघतात आणि वर्षभर राबलेली इंजिने खोलली जातात. अशा वेळी नाखव्यापुढे एक प्रश्न उभा राहतो : इंजिन होते तसेच नीट करून घ्यावे, की या निमित्ताने त्याची अश्वशक्तीही वाढवावी? वरवर पाहता हा मिस्त्रीच्या हिशेबाचा प्रश्न आहे. आम्हांला मात्र तो नीतीचाही वाटतो. माणसाने आपली शक्ती कोठवर आणि कशाच्या भरवशावर वाढवावी, हाच प्रश्न येथे तेलाने माखलेल्या वेषात आपल्यापुढे येतो.

झिजलेले सिलिंडर बोअर करून त्यांत मोठ्या मापाचे पिस्टन बसवले, क्रँकशाफ्ट घासून त्याला जुळणारी बेअरिंगे घातली, की इंजिन पूर्वपदावर येते. शक्ती वाढवायची तर अधिक डिझेल जाळावे लागते आणि ते जाळण्यासाठी अधिक हवा कोंबावी लागते. म्हणून टर्बोचार्जर येतो. पण गोष्ट तेथे थांबत नाही. ज्वलन वाढले की उष्णता वाढते आणि ती वाहून नेणारे पाणी अपुरे पडू लागते. गिअरबॉक्स, शाफ्ट आणि पंखा हे सारे जुन्या भाराच्या मापाने बसवलेले असतात. एका अवयवाला दिलेले बळ असे बाकीच्या अवयवांवर ऋण होऊन बसते.

आणि पदरात काय पडते? पाणी कापत जाणाऱ्या जड बोटीची चाल तिच्या लांबीने बांधलेली असते. पाण्याला टेकणारी लांबी 36 फूट असेल, तर सुमारे 8 नॉटच्या पुढे बोट स्वतःच उठवलेल्या लाटेचा चढ चढू लागते. त्या मर्यादेच्या आतही शक्ती दुप्पट केली, तर वेग ढोबळमानाने चौथाईनेच वाढतो. डिझेलचा खर्च मात्र इतका संकोच करीत नाही.

तरीही नाखव्याला लोभी ठरवून मोकळे होणे अन्यायाचे होईल. वादळाची चाहूल लागल्यावर बंदर गाठणे, बर्फ वितळण्याआधी मासळी बाजारात आणणे, ओहोटीच्या ओढीवर मात करणे, या साऱ्यांसाठी बळ लागते. खोल पाण्यात जड जाळे ओढायलाही ते लागते. खलाशांचा जीव ज्याच्या हाती, त्याने दुबळे इंजिन घेऊन समुद्रात जाणे हाही अपराधच आहे. गरज आणि ईर्ष्या यांच्या सीमारेषेवर खरी कसोटी लागते. शेजारच्या बोटीने शक्ती वाढवली म्हणून आपण वाढवली आणि आपण वाढवली म्हणून तिसऱ्याने, तर अखेर सगळे पुन्हा बरोबरीला येतात. कर्ज तेवढे प्रत्येकाचे वाढलेले असते. समुद्रातला मासा काही अश्वशक्तीच्या प्रमाणात वाढत नाही.

यंत्राची शक्ती घोड्यांत मोजण्याची रीत जेम्स वॅटने रूढ केली. वाफेचे यंत्र किती घोड्यांचे काम करील, हे गिऱ्हाइकाला सांगता यावे एवढाच त्याचा हेतू होता. पण घोडा म्हटला की लगाम आलाच. आपण मात्र घोड्यांची संख्या तेवढी उचलली आणि लगाम मागे ठेवला. बोटीला तर ब्रेकही नसतो. पंखा उलटा फिरवून थांबवायचे, तोवर ती पुढे जातच राहते. वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते.

18 डिसेंबर 2024 रोजी हे सारे मुंबई बंदराच्या पाण्यात घडले. गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची एक वेगवान बोट येऊन आदळली. तिच्या इंजिनाची चाचणी चालू होती आणि ताबा सुटला, असे नौदलाने सांगितले. 15 जीव गेले. त्यांत चाचणीच्या बोटीवरील माणसेही होती. दोष कोणाचा हे ठरवणे चौकशीचे काम आहे. आम्ही येथे न्यायनिवाडा करीत नाही. परंतु ‘नीलकमल’वर लेणी पाहायला निघालेल्या माणसांना त्या इंजिनाशी काय कर्तव्य होते? आपण वाढवलेल्या शक्तीची किंमत ज्यांना कधी विचारलेच नाही अशांनाही मोजावी लागू शकते, ही त्या दिवसाची शिकवण आहे.

म्हणून आम्हांला वाटते, की शक्ती वाढवण्यात पाप नाही. ती एकटीच वाढवण्यात आहे. जो नाखवा नव्या अश्वशक्तीबरोबर शाफ्ट बदलतो, खलाशांना जीवरक्षक जाकिटे घेतो, तांडेलाला नव्या बोटीचा स्वभाव ओळखायला अवधी देतो, त्याने शक्ती खऱ्या अर्थाने कमावली. घरातल्या तरुणाच्या हाती मोटारसायकलची किल्ली देताना, संस्थेत कोणाला अधिकार सोपवताना हाच न्याय लागू व्हावा. किती बळ आले, हे तर सारेच विचारतात. ते आवरायला काय केले, हे विचारण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे. आणि तो प्रश्न बोट अजून किनाऱ्यावर असतानाच विचारला पाहिजे.