वाट आणि वाटेचा धनी

ज्या वाटेने गेल्यावाचून इतरांना गत्यंतर नाही ती वाट एखाद्याच्या खासगी मालकीची असू शकते काय, आणि असल्यास त्या मालकावर वाटसरूंविषयी कोणते कर्तव्य येते, हा मालमत्तेच्या नीतिविचारातील एक अवघड प्रश्न आहे. जमीन, धान्य किंवा सोने यांच्या मालकीची चर्चा करताना मालक आणि वस्तू या दोहोंचा संबंध तपासला की बहुधा भागते. वाटेच्या बाबतीत मात्र वाट वापरणारा हा तिसरा पक्ष पहिल्यापासून हजर असतो, किंबहुना त्याच्यावाचून वाटेला मोलच नसते. केबल टेलिव्हिजनची तार ही अशीच एक वाट होय, आणि अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे मुख्यालय असलेल्या कॉमकास्ट या कंपनीच्या सहा दशकांच्या वाटचालीत या प्रश्नाच्या जवळजवळ सर्व बाजू उघड झाल्या आहेत.

केबलचा आरंभ अगदी साधा होता. 1940 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील डोंगराळ भागांत टेलिव्हिजनच्या लहरी पोहोचत नसत, म्हणून उंच टेकडीवर एक मोठा अँटेना उभारून तेथून गावातील घराघरांत तार नेण्याची युक्ती निघाली. याला सामुदायिक अँटेना म्हणत. पुरुषांचे कमरपट्टे आणि गॅलिस यांच्या व्यवसायातून बाहेर पडलेल्या राल्फ रॉबर्ट्स यांनी डॅनियल एरन आणि ज्युलियन ब्रॉडस्की या सहकाऱ्यांसह 1963 मध्ये मिसिसिपी राज्यातील टुपेलो या गावची अशीच एक व्यवस्था विकत घेतली, तेव्हा तिचे ग्राहक अवघे 1,200 होते. कंपनीने 1969 मध्ये कॉमकास्ट हे नाव धारण केले आणि 1972 मध्ये तिचे समभाग जनतेला खुले झाले. या काळापर्यंत तारेचा मालक हा आकाशातून येणारे चित्र फक्त पोहोचते करणारा होता, आणि जेथे लहरी पोहोचत तेथे ज्याला तार नको असेल तो आपल्या छपरावर आपला अँटेना लावण्यास मोकळा होता. म्हणून तोवर कर्तव्याचा प्रश्नही फारसा तीव्र नव्हता.

1975 मध्ये एचबीओ या वाहिनीने आपले कार्यक्रम उपग्रहाद्वारे देशभरातील केबल व्यवस्थांना पुरवण्यास आरंभ केल्यावर परिस्थिती पालटली, कारण जे साध्या अँटेनाला मिळतच नाही असे बरेच काही आता तारेवर येऊ लागले. त्याच वेळी तारेच्या धंद्यातील एक अंगभूत गुण पुढे आला. रस्ता खणून किंवा खांबांवरून एकदा तार टाकण्याचा खर्च प्रचंड असतो, परंतु तिला आणखी एक घर जोडण्याचा खर्च अल्प असतो, त्यामुळे एका शहरात दुसरी तार टाकणे सहसा कोणाला परवडत नाही. अर्थशास्त्रात याला नैसर्गिक मक्तेदारी म्हणतात, म्हणजे कोणाच्या कारस्थानावाचून केवळ खर्चाच्या रचनेमुळे निर्माण होणारी मक्तेदारी. त्यात नगरपालिका सार्वजनिक रस्ते वापरण्याचा परवाना देत असत, आणि बहुतेक ठिकाणी असा परवानाधारक एकच असे. 1992 च्या केबल कायद्याने एकाच कंपनीला अनन्य परवाना देण्यास मनाई केली खरी, पण खर्चाचे गणित कायद्याने बदलत नाही. रस्ता जनतेचा, तार कंपनीची आणि घर ग्राहकाचे, अशा या तीन मालकींच्या गुंत्यात कंपनीचे स्वामित्व शुद्ध खासगी होते असे म्हणणे मुळातच कठीण आहे.

वाढीचे पुढचे टप्पे आकड्यांनी थोडक्यात सांगता येतात: 1997 मध्ये मायक्रोसॉफ्टने एक अब्ज डॉलर गुंतवले, 2002 मध्ये एटी अँड टी ब्रॉडबँड ही संस्था सामावून घेऊन कॉमकास्ट दोन कोटींहून अधिक ग्राहकांसह देशातील सर्वांत मोठी केबल कंपनी झाली, 2004 मध्ये डिस्ने कंपनी ताब्यात घेण्याचा प्रयत्न फसला, 2011 मध्ये एनबीसी युनिव्हर्सल या वाहिन्यांच्या आणि चित्रपटांच्या संस्थेचा बहुसंख्य हिस्सा आणि 2013 मध्ये उरलेला हिस्सा तिच्याकडे आला. यांपैकी शेवटचा टप्पा नैतिकदृष्ट्या सर्वांत महत्त्वाचा मानला पाहिजे. तोवर वाटेचा धनी इतरांचा माल वाहून नेत होता, आता तो स्वतःच त्या वाटेवरचा सर्वांत मोठा व्यापारी झाला, आणि जो आपल्या मालाबरोबर प्रतिस्पर्ध्याचाही माल वाहतो त्याच्या निःपक्षपातीपणाची कसोटी रोज लागते. 2014 मध्ये टाइम वॉर्नर केबल ही दुसरी मोठी केबल कंपनी 45 अब्ज डॉलरला घेण्याची घोषणा झाली आणि सरकारी यंत्रणांच्या विरोधामुळे एप्रिल 2015 मध्ये ती मागे घ्यावी लागली, तेव्हा निःपक्षपातीपणाविषयीच्या या शंकेला किती वजन होते हे दिसून आले.

वाहतूक करणाऱ्यावर विशेष कर्तव्य असते ही कल्पना आधुनिक नाही. ज्या मनुस्मृतीने वर्णभेदाला शास्त्राचे बळ दिले आणि म्हणून जिच्याकडे सावधपणेच पाहावे लागते, तिच्या आठव्या अध्यायात नदीच्या उताऱ्याचे नियम आहेत: रिकाम्या गाडीला ठरावीक शुल्क, भरलेल्या गाडीला मालाच्या मोलानुसार शुल्क, गर्भवती स्त्री आणि संन्यासी यांना माफी, आणि नावाड्यांच्या चुकीने माल बुडाल्यास नावाड्यांनी मिळून भरपाई करणे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नावध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्यावर नाव नादुरुस्त असल्याने झालेल्या नुकसानीची जबाबदारी टाकली आहे. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकातील न्यायवेत्ते मॅथ्यू हेल यांनी बंदरांविषयी लिहिताना असे प्रतिपादले की एखादा धक्का खासगी असला, पण मालाची चढउतार करण्यासाठी सर्वांना तेथेच यावे लागत असेल, तर त्या मालमत्तेत लोकहिताचा अंश शिरतो आणि मालकाला मनमानी दर आकारता येत नाही; 1877 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने धान्याच्या कोठारांविषयीच्या मन विरुद्ध इलिनॉय या खटल्यात हेच तत्त्व उचलून धरले. या सर्व विचारांत कर्तव्याचा उगम नाव, धक्का किंवा कोठार कोणाचे आहे यात शोधलेला नाही, तर किती लोक त्यावर विसंबून आहेत यात शोधलेला आहे. हा या परंपरेतील सर्वांत मोलाचा धडा होय. कंपनी लहान असताना जी गोष्ट निव्वळ व्यापार ठरते, तीच गोष्ट ती मोठी झाल्यावर अन्याय ठरू शकते.

याविरुद्धचा युक्तिवाद दुबळा नाही. इंग्लिश तत्त्ववेत्ते जॉन लॉक यांच्या मते माणूस ज्या वस्तूत आपले श्रम मिसळतो ती त्याची होते, आणि तार कोणी आकाशातून पडलेली उचलली नव्हती. कर्ज काढून, धोका पत्करून, एकेक घर जोडून ती उभी राहिली. परंतु लॉक यांनीच या हक्काला एक अट जोडली आहे, ती अशी की इतरांसाठी पुरेसे आणि तितकेच चांगले शिल्लक राहिले पाहिजे. दुसरी तार जेथे येऊच शकत नाही तेथे ही अट पाळली जात नाही. 1994 च्या टर्नर खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती केनेडी यांनी याच मर्मावर बोट ठेवले: एखादे वृत्तपत्र वाचकाला दुसरे वृत्तपत्र वाचण्यापासून रोखू शकत नाही, केबलचालक मात्र तारेवरील ताब्यामुळे दुसऱ्याचा आवाज ग्राहकाच्या घरी पोहोचण्यापूर्वीच बंद करू शकतो. स्थानिक टेलिव्हिजन केंद्रांच्या वाहिन्या केबलने दाखवल्याच पाहिजेत हा या खटल्यातील वादाचा नियम अखेर 1997 मध्ये पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने टिकला. मतांची ही फूट पाहता प्रश्न किती अवघड होता हे कळते.

तत्त्वाची खरी परीक्षा 2007 मध्ये झाली, आणि ती टेलिव्हिजनवर नव्हे तर त्याच तारेतून जाणाऱ्या इंटरनेटवर. बिटटोरंट या पद्धतीत संगणक एकमेकांना मोठ्या फाइलीचे तुकडे थेट पाठवतात. कॉमकास्टच्या यंत्रणेने अशा दोन संगणकांमध्ये संवाद तोडण्याचा संकेत घुसवण्यास सुरुवात केली होती, आणि तो संकेत असा रचलेला होता की प्रत्येक संगणकाला तो समोरच्या संगणकाकडूनच आला आहे असे वाटावे. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने पडताळणीसाठी बायबलच्या किंग जेम्स भाषांतराची फाइल पाठवून पाहिली, तेव्हा तिलाही अडथळा झाला; ग्रंथावर कोणाचा स्वामित्वहक्क नसल्याने चोरीच्या मालाचा प्रश्नच नव्हता. कंपनीची बाजू अशी होती की मूठभर ग्राहकांच्या अवजड वाहतुकीमुळे शेजारच्या ग्राहकांचा वेग मंदावतो, आणि गर्दीचे नियमन करणे हे चालकाचे कामच आहे. हा दावा खोटा नव्हता, परंतु त्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत आहे. गर्दीत सर्वांना थांबवणे हे नियमन होय. एकाच्या तोंडी न बोललेले वाक्य घालून दुसऱ्याला परत पाठवणे हे असत्य होय, आणि योगसूत्रांतील यमांच्या मांडणीत सत्य आणि अस्तेय यांना शेजारी स्थान आहे हे येथे अर्थपूर्ण वाटते, कारण या कृत्यात दोन्हींचा भंग एकदम झाला. 2008 च्या अखेरीस कंपनीने पद्धत बदलली आणि कोणता माल आहे हे न पाहता गर्दीच्या वेळी अतिवापर करणाऱ्याचा वेग तात्पुरता कमी करण्याची व्यवस्था आणली; म्हणजे समदृष्टी तांत्रिकदृष्ट्या अशक्य आहे ही सबब टिकणारी नव्हती. अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने या प्रकरणी कंपनीविरुद्ध दिलेला आदेश मात्र एप्रिल 2010 मध्ये न्यायालयाने आयोगाला तसा अधिकार नाही म्हणून रद्द केला.

कायदा जेथे अपुरा पडतो तेथे गांधींची विश्वस्तवृत्ती आठवते. धनवानाने आपल्या गरजेपलीकडील संपत्तीचा स्वतःला मालक न समजता समाजाच्या वतीने सांभाळणारा समजावे, हा तो विचार. गीतेतील अपरिग्रहाचा अर्थ आपल्याला इंग्लिश कायद्यातील विश्वस्ताच्या कल्पनेमुळे उलगडला, असे गांधींनी आत्मचरित्रात नोंदवले आहे. धनिकाच्या सदिच्छेवर सारे सोपवणे भाबडेपणाचे आहे, हा या विचारावरचा आक्षेप जुना आणि रास्त आहे, आणि समभागधारकांना दर तिमाहीला हिशेब देणाऱ्या कंपनीच्या बाबतीत तो अधिकच रास्त आहे. परंतु किशोरलाल मश्रूवाला आणि नरहरी पारीख यांनी तयार केलेल्या व गांधींनी दुरुस्त केलेल्या विश्वस्तवृत्तीच्या मसुद्यात संपत्तीच्या मालकीचे आणि वापराचे कायद्याने नियमन करण्यास वाव ठेवलेला आहे, हे टीकाकार बहुधा विसरतात. विश्वस्तवृत्ती आणि कायदा यांचा विरोध लावून देण्याचे कारण नाही.

भारतात हाच प्रश्न 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला. क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून उद्भवलेल्या बंगाल क्रिकेट असोसिएशनच्या खटल्यात न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या निकालाने प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे आणि त्यांचा वापर लोकहितासाठी नियंत्रित झाला पाहिजे असे ठामपणे मांडले. मक्तेदारी सरकारची असो वा खासगी, दोन्ही नागरिकाच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याला घातक ठरू शकतात, हे या निकालात दिसते. तार ही लहर नव्हे, म्हणून निकाल तिला जसाच्या तसा लागू होत नाही, तरी त्याचा गाभा लागू होतो.

आता तारेचे स्वरूपच बदलत आहे. लोक केबल सोडून इंटरनेटवरून कार्यक्रम दाखवणाऱ्या ओटीटी सेवांकडे वळल्यामुळे कॉमकास्टचे टेलिव्हिजन ग्राहक 2024 च्या अखेरीस सुमारे सव्वा कोटीवर आले, तर ब्रॉडबँडचे ग्राहक तीन कोटींच्या वर आहेत, आणि त्या वर्षी अनेक केबल वाहिन्या वेगळ्या कंपनीत काढण्याची घोषणा झाली. वाहिन्यांची निवड घरबसल्या करता येते तेथे तारेच्या मालकावरील कर्तव्याचे ओझे हलके होते. ज्या घरी वेगवान इंटरनेटसाठी एकच तार येते तेथे ते पुरे लागू आहे. जानेवारी 2025 मध्ये सिनसिनाटी येथील अपील न्यायालयाने इंटरनेटच्या समान वागणुकीचे संघीय नियम रद्द केल्याने या घरांसाठी बाहेरचा धाक ओसरला आहे. अशा वेळी 2011 मध्ये एनबीसी युनिव्हर्सलचा हिस्सा घेण्याच्या निमित्ताने कॉमकास्टने स्वीकारलेली एक योजना लक्ष वेधून घेते. गरीब कुटुंबांना सुरुवातीला महिना 9.95 डॉलरमध्ये इंटरनेट देणारी ही योजना त्या व्यवहाराच्या सरकारी परवानगीच्या अटींचा भाग होती, आणि अटीची मुदत संपल्यावरही कंपनीने ती चालू ठेवली. यामागे करुणा होती, प्रतिमेची चिंता होती की पुढील विलीनीकरणांची तयारी होती, हे बाहेरून ठरवता येणार नाही. परंतु सक्तीने सुरू झालेले कर्तव्य सक्ती संपल्यावरही पाळले जाऊ शकते एवढे तरी त्यातून दिसते, आणि जी घरे एका तारेवर विसंबून आहेत त्यांच्या दृष्टीने मालकाच्या हेतूपेक्षा ती सेवा उद्याही मिळेल की नाही हाच प्रश्न अधिक निकडीचा आहे.