चेंडू हातात नसताना

खेळाडूचा कोच झाला की गळ्यात शिट्टी येते, जागा रेषेबाहेर जाते. भूक मात्र तीच राहते. चेंडू आपल्याकडे यावा, शेवटचा शॉट आपण घ्यावा, लोकांच्या तोंडी आपलं नाव असावं, ही ती भूक. तिच्याशिवाय कुणी खेळाडू होत नाही. पण कोच झाल्यावर तिचं काय करायचं? संध्याकाळी मुलामुलींना बास्केटबॉल शिकवायला लागलो तेव्हापासून हा प्रश्न माझ्याबरोबर आहे. मनाला साक्षी ठेवून त्याचं उत्तर शोधायला बसलो, की मला स्टीव्ह कर या माणसाची कारकीर्द समोर ठेवावीशी वाटते.

कर एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमध्ये १५ हंगाम खेळले. ९१० सामन्यांपैकी सुरुवातीच्या पाचांत त्यांचं नाव फक्त ३० वेळा होतं. सामन्याला सरासरी सहा गुण. उंची, वेग, उडी यांपैकी कशातही ते अव्वल नव्हते. तरीही शिकागो बुल्सबरोबर तीन आणि सॅन अँटोनिओ स्पर्सबरोबर दोन अशी पाच अजिंक्यपदं त्यांनी मिळवली, आणि तीन गुणांच्या शॉटमध्ये ४५.४ टक्के अचूकतेचा कारकिर्दीचा विक्रम त्यांच्या नावावर आहे. १९९७च्या अंतिम लढतीतल्या सहाव्या सामन्यात शेवटचे काही सेकंद उरले असताना दोन्ही बाजूंचे ८६ गुण झाले होते. मायकल जॉर्डनवर दोघे धावून गेले, जॉर्डन यांनी मोकळ्या असलेल्या करकडे पास दिला, आणि करच्या शॉटने बुल्सला विजेतेपद मिळवून दिलं.

मला मात्र २००३ अधिक मोलाचं वाटतं. तेव्हा कर स्पर्सकडे होते, ३७ वर्षांचे होते आणि प्लेऑफमध्ये त्यांना क्वचितच कोर्टवर उतरवलं जात होतं. डॅलसविरुद्धच्या सहाव्या सामन्यात संघ मागे पडलेला असताना ते बेंचवरून उठले आणि तीन गुणांचे चारही शॉट त्यांनी टाकले. इतका काळ बसून राहिलेला माणूस इतका तयार कसा राहिला? त्याची मेहनत होतीच. पण त्याला आपण संघाचे आहोत असं रोज वाटत राहिलं असणार, त्याशिवाय अशी तयारी टिकत नाही.

इथे मी स्वतःला विचारतो: माझ्या बेंचवर बसलेल्या मुलीला तसं वाटतं का? सामना अटीतटीचा झाला की माझी नजर दोन उंच मुलींवरून हलत नाही. मी त्याला डावपेच म्हणतो. थोडं खोल पाहिलं तर त्यात माझी जिंकण्याची घाई दिसते. बारा जणींचा संघ मी सरावाला बोलावतो. त्या बाराही जणींच्या खेळाची मला सारखीच काळजी आहे, असं छातीवर हात ठेवून मला म्हणता येत नाही.

कर २०१४ मध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्सचे मुख्य कोच झाले. त्याआधी त्यांनी कुठल्याही संघाचं प्रशिक्षण केलेलं नव्हतं. लूट ओल्सन, फिल जॅक्सन, ग्रेग पॉपोविच अशा गुरूंच्या हाताखाली खेळल्याची शिदोरी तेवढी होती. पहिल्याच वर्षी, २०१५च्या अंतिम लढतीत क्लीव्हलँडविरुद्ध त्यांचा संघ १-२ असा मागे पडला. तेव्हा निक युरेन नावाच्या २८ वर्षांच्या साहाय्यकाने जुने व्हिडिओ पाहून सुचवलं, की उंच सेंटर अँड्र्यू बोगटऐवजी आंद्रे इग्वोडालाला सुरुवातीपासून खेळवावं. कर यांनी ते मानलं. वॉरियर्सनी पुढचे तिन्ही सामने जिंकले आणि ४० वर्षांनंतर संघाकडे अजिंक्यपद आलं. कल्पना कुणाची होती हे कर यांनी पत्रकारांसमोर नाव घेऊन सांगितलं.

आता माझ्या मैदानावर या. टाइम-आउटमध्ये सातवीतली मुलगी म्हणते, ‘सर, त्यांची नऊ नंबर फक्त उजव्या हातानेच ड्रिबल करते.’ तिने कोर्टवर राहून पाहिलेलं असतं, मी बाहेरून. तरी माझ्या मनात आधी उमटतं ते ‘हे मला दिसायला हवं होतं’. तिचं म्हणणं खरं आहे का, हा विचार त्यानंतर येतो. त्या दोन विचारांमधलं अंतर म्हणजेच माझ्यातली जुनी भूक.

श्रेयाच्या बाबतीत कर यांची खरी परीक्षा पुढच्या हंगामात होती. पाठीच्या शस्त्रक्रियेनंतरच्या त्रासामुळे कर पहिल्या ४३ सामन्यांना बाजूला राहिले. साहाय्यक ल्यूक वॉल्टन यांनी संघ सांभाळला आणि त्यातले ३९ सामने जिंकले. लीगच्या नियमाप्रमाणे ते सगळे विजय कर यांच्या खात्यावर लागले. त्या हंगामात संघाने ७३ विजयांचा विक्रम केला आणि सर्वोत्तम कोचचा पुरस्कारही कर यांनाच मिळाला. वॉल्टन यांचं श्रेय त्यांनी उघडपणे मान्य केलं. नोंद बदलणं त्यांच्या हातात नव्हतं, पण खरं बोलणं होतं.

आपल्याकडे शाळेचा संघ जिंकला की वर्तमानपत्रात चार ओळी येतात, आणि शेवटची ओळ ठरलेली असते: ‘खेळाडूंना अमुक यांचे मार्गदर्शन लाभले.’ बातमी हातात आली की माझे डोळे आधी त्या ओळीकडे जातात, मग मुलींच्या नावांकडे. ज्या बाईंनी या मुलींना चौथीत पहिल्यांदा चेंडू धरायला शिकवलं, त्यांचं नाव त्या ओळीत कधीच नसतं. जो पालक रोज दुचाकीवरून तिघींना सरावाला आणतो, त्याचंही नसतं. माझ्या नावामागे उभ्या असलेल्या या माणसांचा हिशोब मी मनात तरी ठेवतो का?

फेब्रुवारी २०१८ मध्ये फिनिक्सविरुद्धच्या सामन्यात कर यांनी आणखी एक पायरी गाठली. खेळाडू आपलं ऐकेनासे झालेत असं त्यांना वाटत होतं. त्यांनी टाइम-आउटमधला फळा इग्वोडाला, ड्रेमंड ग्रीन अशा खेळाडूंच्याच हातात दिला. हा प्रतिस्पर्ध्याचा अपमान आहे अशी टीका झाली. संघ खेळाडूंचा असतो, ही कर यांची भूमिका होती. हे वाचताना मला रेषेवरून सतत ‘पास! पास!’ ओरडणारा माझा आवाज ऐकू येतो. तो आवाज मुलीला मदत करतो, की तिच्या हातांनी मीच खेळत असतो? प्रामाणिक उत्तर असं, की बऱ्याचदा मीच खेळत असतो.

मोठं नाव कशासाठी असतं, हेही कर यांच्याकडून शिकावं. त्यांचे वडील माल्कम कर बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठाचे अध्यक्ष होते. जानेवारी १९८४ मध्ये त्यांची गोळ्या झाडून हत्या झाली तेव्हा स्टीव्ह १८ वर्षांचे होते. २४ मे २०२२ रोजी टेक्ससमधल्या युवाल्डीच्या शाळेत १९ मुलं आणि दोन शिक्षिका गोळीबारात मारल्या गेल्या. त्या दिवशी महत्त्वाच्या सामन्याआधीच्या पत्रकार परिषदेत कर यांनी बास्केटबॉलवर बोलायला नकार दिला आणि लोकप्रतिनिधींना थेट जाब विचारला. खेळाने मिळवून दिलेला आवाज त्यांनी त्या मुलांसाठी वापरला.

खेळाडू आणि कोच म्हणून मिळून कर यांच्याजवळ नऊ अजिंक्यपदं आहेत, आणि पॅरिस ऑलिम्पिकचं सुवर्ण जिंकणाऱ्या संघाचे ते प्रशिक्षक होते. माझ्याजवळ सिमेंटचं एक कोर्ट आणि बारा मुली. पण कसोटी एकच आहे: दुसऱ्याच्या हातून झालेल्या चांगल्या गोष्टीचा निखळ आनंद मला होतो का? माझं उत्तर आजमितीला ‘पुरता नाही’ असं आहे. माझ्यासारख्या कोचना, क्रीडाशिक्षकांना आणि पालकांना एवढंच सांगेन: पुढच्या विजयानंतर कुणी तुमचं नाव विचारलं, तर त्याआधी त्या मुलाच्या हातात पहिला चेंडू देणाऱ्याचं नाव सांगा.