पर्यायी पाणी कुणाच्या वाट्याला?

दुष्काळावरच्या चर्चेत ‘पर्यायी जलस्रोत’ हा शब्द हल्ली सर्रास येतो. छपरावरून साठवलेलं पावसाचं पाणी, क्षार काढलेलं समुद्राचं पाणी, प्रक्रिया केलेलं सांडपाणी. यादी वाचताना वाटतं, हा निव्वळ इंजिनीअरिंगचा प्रश्न आहे. स्रोत शोधा, पंप बसवा, पाईप टाका. पण ‘पर्यायी’ हा काही पाण्याचा गुणधर्म नाही. पाणी कुणाच्या तरी संदर्भातच पर्यायी असतं. मग ते कुणासाठी पर्यायी आणि हे ठरवलं कुणी, हे विचारायला हवं.

मी नोकरीनिमित्त बंगळुरात राहतो. या शहराला कावेरीचं पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून, जवळपास ५०० मीटर उंच चढवून आणावं लागतं. ते आपण पितो, आंघोळीला वापरतो आणि सोडून देतो. पूर्वेला लागूनच कोलार जिल्हा आहे. तिथे बारमाही नदी नाही. बोअरवेल हजार फुटांच्या खाली गेल्या आहेत आणि खोलवरून येणाऱ्या पाण्यात बऱ्याच ठिकाणी फ्लोराईड असतं. २०१८ पासून बंगळुराच्या कोरमंगला-चल्लघट्ट खोऱ्यातलं सांडपाणी दुय्यम टप्प्यापर्यंत शुद्ध करून कोलारच्या तलावांत सोडलं जातं. रोज ४४ कोटी लिटरपर्यंत पाणी नेऊन सुमारे सव्वाशे तलाव भरायचे, ते मुरू द्यायचं आणि भूजल वाढवायचं, अशी ही योजना आहे.

योजनेच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. वर्षानुवर्षं कोरडे पडलेले तलाव भरले, आटलेल्या विहिरींना पाणी आलं. जे पाणी एरवी बेलंदूरसारख्या तलावांत घाण बनून साचलं असतं, ते शेताच्या कामी आलं. आक्षेपही तितकेच खरे आहेत. पाणी सोडल्यावर काही आठवड्यांतच कोलारमध्ये फेस दिसला. प्रकरण उच्च न्यायालयात आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. स्थानिक कार्यकर्त्यांची मागणी साधी होती: तलावात सोडलेलं पाणी जमिनीत मुरून शेवटी आमच्या पिण्यात येणार, तर ते तिसऱ्या टप्प्यापर्यंत शुद्ध करा.

यावर नेहमीचं उत्तर असतं, ‘काहीच नसण्यापेक्षा हे बरं ना?’ व्यवहार म्हणून ते चूक नाही, पण नैतिक युक्तिवाद म्हणून ते लंगडं आहे. ज्याच्यापुढे दुसरा रस्ताच नाही, त्याच्या होकाराला संमती म्हणणं कठीण आहे. तुलनेसाठी ऑस्ट्रेलियातलं टूवूम्बा शहर घेऊ. तीव्र दुष्काळात, २००६ मध्ये, शुद्ध केलेलं सांडपाणी पिण्याच्या पुरवठ्यात मिसळायचं का, यावर तिथे मतदान झालं आणि सुमारे ६२ टक्के लोकांनी नकार दिला. तो नकार शहाणपणाचा होता की किळसेतून आलेला, यावर वाद घालता येईल. पण त्यांना नकार देता आला. कोलारला असं कुणी विचारलं नाही.

आता नामिबियाची राजधानी विंडहुक पाहा. तिथे १९६८ पासून सांडपाणी शुद्ध करून थेट पिण्याच्या पुरवठ्यात मिसळतात. जगात हे सर्वांत आधी तिथे सुरू झालं. २००२ मध्ये नवा प्रकल्प आला, त्याची क्षमता रोज २ कोटी १० लाख लिटर आहे. ओझोन, सक्रिय कार्बन, अतिसूक्ष्म गाळणी असे एकामागून एक अडथळे पाणी पार करतं. कारखान्यांचं सांडपाणी मुळातच वेगळं ठेवतात. ज्या शहरात जो निर्णय घेतला, त्याच शहराच्या नळांना ते पाणी येतं. पाणी बिघडलं, तर ते बिघडवणाऱ्याच्याही घरी पोहोचतं.

आमच्या क्षेत्रात एक चांगली प्रथा आहे. बनवलेलं सॉफ्टवेअर ग्राहकाला देण्याआधी कंपनीतल्या लोकांनी स्वतः रोजच्या कामात वापरायचं. यात त्याग वगैरे काही नसतो. पण चूक स्वतःला टोचली की ती लवकर दुरुस्त होते. दुसऱ्याला टोचली की तक्रार नोंदवली जाते आणि पडून राहते. पाण्याचंही तसंच आहे. चाचणीचे अहवाल हवेतच, पण अहवालावर रोज नजर ठेवायला कुणाला तरी गरज वाटायला हवी. ही गरज ज्याच्या ओठांशी पेला आहे त्यालाच सर्वांत जास्त वाटते.

मराठी माणसाला हा विषय परका नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकर आणि हजारो अनुयायी पाणी प्यायले, तेव्हा सवर्णांनी नंतर पंचगव्याने तळं ‘शुद्ध’ केलं. पाणी तेच होतं, त्यात रसायनदृष्ट्या काहीच बदललं नव्हतं. बदलला होता फक्त पिणारा. कोलारचं प्रकरण जातीचं नाही आणि फ्लोराईड-फेस हे खरे प्रश्न आहेत, विटाळाचे नाहीत. तरी महाडने एक गोष्ट कायमची शिकवली: कुठलं पाणी कुणी प्यायचं, हा प्रश्न पाण्याइतकाच माणसांच्या उतरंडीचाही असतो. पहिल्या हातचं पाणी शहराला आणि वापरून झालेलं गावाला, ही वाटणी भूगोलाने केलेली नाही.

म्हणजे शहरांनीही सांडपाणीच प्यावं का? तसा हट्ट नाही. नागपूरचं शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्राला जातं, ते उत्तम आहे. कूलिंग टॉवरला पिण्याचं पाणी कशाला हवं? २०२४ च्या उन्हाळ्यात बंगळुरात पिण्याचं पाणी बागेला आणि गाड्या धुवायला वापरण्यावर बंदी आली, तेही योग्यच होतं. वापराप्रमाणे पाणी, हे तत्त्व बरोबर आहे. पण जिथे ते पाणी शेवटी माणसाच्या पोटात जाणार आहे, तिथे एक कसोटी लावता येते. हा दर्जा ठरवणारे लोक त्याच दर्जाचं पाणी आपल्या मुलांना देतील का? उत्तर ‘हो’ असेल तर योजना खुशाल राबवा. उत्तर ‘नाही’ असेल, तर तिसऱ्या टप्प्याच्या शुद्धीकरणाचा खर्च शहराच्या पाणीपट्टीत धरायला हवा. कारण ते पाणी घाण आम्ही केलं आहे. कोलारला ते देणं हा आमचा उपकार नाही. ते स्वच्छ करून देणं ही आमची उधारी आहे.