वरून येतं

एका वाचनालयाच्या संकेतस्थळाचं काय झालं, ते ऐका. डोमेनची मुदत संपली, पत्ता बंद पडला आणि तोच पत्ता सोडवून घ्यायला वर्षाच्या भाड्याच्या कितीतरी पट पैसे मागितले गेले. त्याचं नवल नाही. चीड आली ती डोमेन-विक्रेत्याच्या उत्तराची : ‘हे शुल्क आमचं नाही, वरून येतं.’

वरून म्हणजे कुठून? पाऊस वरून येतो, हे मान्य. ‘डॉट कॉम’चं ‘वर’ मात्र अमेरिकेत, व्हर्जिनिया राज्यातल्या रेस्टनला आहे आणि त्याचं नाव व्हेरिसाइन : ‘डॉट कॉम’ नावांची मूळ नोंदवही सांभाळणारी कंपनी. खोडलं गेलेलं डोमेन परत जिवंत करायला ही कंपनी विक्रेत्याकडून ४० डॉलर घेते. आता विक्रेत्यांचे दर बघा. ८० डॉलर सर्रास, कुठे त्याहून जास्त. आपल्याकडे वरून निघालेली रक्कम खाली येईपर्यंत आटते. इथे ती फुगते, एवढीच काय ती प्रगती. बरं, वरचे चाळीस कशाचे? तर म्हणे, ‘या कामाला माणूस बसवावा लागतो.’ बसवा की! पण चार बटणं दाबणाऱ्या त्या माणसाचा पगारही वरूनच ठरतो का? ‘वरून येतं’ म्हणणाऱ्याचं एक बरं असतं. भांडायचं तर समोरच्याने रेस्टनची गाडी पकडावी.

‘ईमेल पाठवले होते’, हेही ऐकलं. पाठवले असतीलच. मुदतीआधी दोन आणि मुदत टळल्यावर एक, असा डोमेनचे नियम ठरवणाऱ्या आयकॅन या संस्थेचा नियमच आहे. ते सगळे भाच्याला गेले. आपल्या संस्थांची बरीचशी संकेतस्थळं कुणा विश्वस्ताच्या भाच्याने स्वतःच्या कॉलेजातल्या ईमेलवर नोंदवलेली असतात आणि भाचा एव्हाना बंगळूरला. भाच्यांवर पूर्वीही लिहिलंय, माम्यांची रागाची पत्रंही आली. मत बदललेलं नाही.

आणि ‘अशा शुल्काने शिस्त लागते’, असंही सांगतात. १९९९च्या नाताळात खुद्द मायक्रोसॉफ्ट ‘पासपोर्ट डॉट कॉम’चे ३५ डॉलर भरायला विसरली. त्यामुळे हॉटमेल अडलं आणि एका परक्या प्रोग्रामरने पदरचे पैसे भरले. शिस्त शिकवायची तर तिथून सुरुवात करा.

मुळात खोडलेलं नाव सोडवायला तीस दिवसांची मुदत मिळते, ती आली दयेपोटी. पूर्वी खोडलेलं नाव टपून बसलेले लोक लगेच उचलायचे, म्हणून २००३च्या सुमारास मूळ मालकाला ही शेवटची संधी मिळाली. विसरणाऱ्याने भुर्दंड भरावा, माझी ना नाही. पण तो खर्चाच्या मापाने असावा. समोरचा किती अडलाय ते पाहून नव्हे. असो. हे लिहून दर उतरणार नाहीत. शिवाय ते नियमाप्रमाणे विक्रेत्याच्या संकेतस्थळावर दिलेलेच असतात. नोंदणीच्या वेळी ते वाचायचं काम संस्थेने कुणावर सोपवलं होतं, ते मी सांगायला नको.