सेवा वेळापत्रकात बसते का?

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातल्या जांब गावी १६०८ साली नारायण ठोसर जन्मले. पुढे महाराष्ट्र त्यांना समर्थ रामदास म्हणून ओळखू लागला. लहानपणी घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात बसलेल्या या मुलाला आईने हटकले, तेव्हा आपण विश्वाची चिंता करतो आहोत असे त्याने सांगितले, अशी आख्यायिका आहे. ती चिंता त्याला कुणी नेमून दिलेली नव्हती.

आज त्याच जालना जिल्ह्यातल्या मुलांना समाजाची चिंता शिकवायची, तर तासिका ठरवावी लागते. शिक्षणाच्या प्रत्येक टप्प्यावर समाजसेवा असावी, अशी शिफारस कोठारी आयोगाने १९६६ साली केली. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. महाविद्यालयीन स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास काम करायचे, शिवाय दत्तक गावात सात दिवसांचे शिबिर. शेवटी प्रमाणपत्र मिळते.

मग ही सेवा की गृहपाठ?

गीतेच्या बाराव्या अध्यायात या शंकेला धरून एक उतरंड आहे. चित्त स्थिर होत नसेल, तर अभ्यास कर. तेही जमत नसेल, तर माझ्यासाठी कर्म कर. तेही नाही झाले, तर कर्मफळाचा त्याग कर. भाव आधी आणि कृती नंतर, असा आग्रह इथे नाही. हात आधी कामाला लागू शकतात. म्हणून सक्तीने झालेली सुरुवात खोटी ठरत नाही. अडचण फळापाशी येते: गुण, प्रमाणपत्र आणि फावडे हातात धरून काढलेला फोटो.

जालना तालुक्यातल्या कडवंचीत इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमाचे काम झाले, तेव्हा गावकऱ्यांचे श्रमदान ही अटच होती. त्याच कोरडवाहू शिवारात पुढे द्राक्षबागा उभ्या राहिल्या. अट होती म्हणून त्या घामाचे मोल कमी झाले, असे कोण म्हणेल? मात्र तिथे पाणी ज्यांच्या विहिरींना येणार होते, तेच खणत होते. शिबिराला आलेला विद्यार्थी परक्या शिवारात खणतो आणि आठव्या दिवशी घरी परततो. निष्काम कर्माची खरी परीक्षा त्याचीच आहे.

आणखी एक कसोटी संत गाडगेबाबांनी घालून दिली. परीट समाजात जन्मलेले बाबा गावात शिरताच आधी झाडू हाती घेत, कीर्तन रात्री. ज्या समाजाने सफाई काही जातींच्या माथी मारली, तिथे झाडू कोणाच्या हातात आहे हा प्रश्न धर्माचाच आहे. शाळेत तो उशिरा आलेल्याला शिक्षा म्हणून मिळत असेल, किंवा रोज ठरावीक मुलींच्याच वाट्याला येत असेल, तर त्या वर्गात सेवेचा धडा सुरूच झालेला नाही. मुख्याध्यापकांसह सगळ्यांची पाळी लागली, तर तो सुरू होतो.

शाळांना हे आजही करता येईल. शिबिराचे काम ग्रामसभेला विचारून ठरवावे. हिवाळ्यात बांधलेल्या बंधाऱ्यात पाणी किती अडले, गाळ किती साचला, हे पुढच्या पावसाळ्यानंतर त्याच मुलांनी जाऊन मोजावे. त्या फेरीला प्रमाणपत्र ठेवू नये. तरीही कोण येते, ते शिक्षकांनी पाहावे.