डाव्या खुर्चीची परीक्षा

वैमानिकाच्या नोकरीसाठी येणाऱ्या मुलामुलींना आपल्याला काय विचारलं जाईल, हे बहुतेक आधीच ठाऊक असतं. लेखी परीक्षा, मानसशास्त्रीय चाचणी, काही ठिकाणी गटचर्चा, सिम्युलेटरवरची परीक्षा आणि शेवटी आमच्यासमोरची मुलाखत. आम्ही हवामानाचा सांकेतिक अहवाल वाचायला देतो. ओल्या धावपट्टीवर चाकांची पकड का सुटते, टेक-ऑफ कोणत्या वेगापर्यंत थांबवता येतो, हे विचारतो. लॉगबुक उलगडून एखाद्या नोंदीवर बोट ठेवतो. परवान्यासाठी लागणारे २०० तास आकाशात भरलेत की कागदावर, याचा अंदाज त्या एका नोंदीवरच्या बोलण्यातून येऊ लागतो.

मी त्या टेबलाच्या निवड करणाऱ्या बाजूला बसतो, आणि विमानात डाव्या खुर्चीवर, म्हणजे कॅप्टनच्या. दोन्ही जागांवर माझा शब्द जड ठरतो. म्हणून दोन्ही जागांचा जाब मला स्वतःलाच विचारायला हवा.

एक प्रश्न आम्ही जवळजवळ प्रत्येकाला विचारतो: कॅप्टन चुकतोय असं दिसलं तर काय कराल? उत्तरही पाठ करून आलेलं असतं. आधी शंका विचारीन, मग स्पष्ट इशारा देईन, तरीही ऐकलं नाही आणि धोका असेल तर विमानाचा ताबा घेईन. उत्तर बरोबर असतं, गुण मिळतात आणि आम्ही पुढच्या प्रश्नाकडे वळतो.

पण २२ मे २०१० ची मंगळूरुची दुर्घटना मला तिथून पुढे जाऊ देत नाही. दुबईहून आलेलं विमान उंच आणि वेगात होतं, अशा स्थितीत उतरायचं नसतं. चौकशी अहवाल सांगतो की उजव्या खुर्चीवरच्या फर्स्ट ऑफिसरने, म्हणजे सहवैमानिकाने, गो-अराउंड करा, म्हणजे उतरणं सोडून विमान पुन्हा वर न्या, असं तीनदा सांगितलं. यंत्रणेचे इशारेही वाजत होते. कॅप्टनने उतरणं सोडलं नाही. विमान टेकडीवरच्या धावपट्टीपलीकडे दरीत गेलं, १५८ माणसं गेली, ८ वाचली. आम्ही मुलाखतीत ज्याची अपेक्षा करतो, ते उजव्या खुर्चीने केलं होतं. ती बोलली होती. ऐकायचं काम डाव्या खुर्चीचं होतं.

२७ मार्च १९७७ ला टेनेरीफच्या धावपट्टीवर धुक्यात दोन जंबो जेट एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं मेली. टेक-ऑफची परवानगी नसताना केएलएम या विमान कंपनीचं विमान धावत सुटलं होतं. समोरचं विमान धावपट्टीवरून बाजूला झालंय ना, अशी शंका फ्लाइट इंजिनिअरने काढली. कॅप्टनने झालंय म्हणून सांगितलं आणि तो पुढे गेला. तो साधासुधा कॅप्टन नव्हता. वैमानिकांना शिकवणारा, त्यांची परीक्षा घेणारा होता. शेजारी बसलेल्या सहवैमानिकाची त्या विमानावरची परीक्षा त्यानेच सुमारे दोन महिन्यांपूर्वी घेतली होती. आपल्याला पास करणाऱ्या माणसाला थांबवणं त्या क्षणी किती अवघड गेलं असेल! हा तपशील वाचला की मला दुसऱ्या कुणाचा विचार सुचत नाही. मी ज्यांना निवडतो, त्यांतलाच कुणीतरी उद्या माझ्या उजवीकडे बसणार आहे.

तो मला 'सर' म्हणेल. मोठ्यांना उलट बोलू नये, हे त्याच्या घरी लहानपणापासून शिकवलेलं असेल, माझ्याही घरी शिकवलं होतं. त्याच्या डोक्यावर परवान्यासाठी काढलेलं लाखोंचं कर्ज असेल, वडिलांनी जमीन किंवा घर गहाण टाकलेलं असेल. माझा एखादा शेरा त्याच्या नोकरीवर परिणाम करू शकतो, हे त्याला ठाऊक असेल. एवढं सगळं ओलांडून त्याने बोलावं, अशी माझी अपेक्षा आहे. मग त्याची वाट सोपी करायला मी काय करतो?

कॉकपिटमध्ये शिरल्यावर माझ्या पहिल्या पाच मिनिटांत त्याला काय कळतं? त्याने आकडा दुरुस्त केला की मी 'थँक यू' म्हणतो, की गप्प होतो? थकवा आला तर उड्डाण नाकाराल का, असं मी मुलाखतीत विचारतो आणि होकारार्थी उत्तराला दाद देतो. पण ड्यूटीवरच्या एखाद्याने खरंच नाकारलं, तर माझ्या मनात आधी काय येतं: त्याची काळजी, की कोलमडलेलं वेळापत्रक?

टेबलावरचेही प्रश्न आहेत. 'मला माहीत नाही, सर' असं सरळ सांगणाऱ्याला मी किती गुण देतो आणि सफाईने वेळ मारून नेणाऱ्याला किती? धुळ्याच्या किंवा गोंदियाच्या मुलाचं इंग्रजी अडखळलं की त्याच्या उड्डाणाबद्दलही माझं मत नकळत खाली येतं का? आंतरराष्ट्रीय नियमाला चौथ्या पातळीचं, म्हणजे कामापुरतं नेमकं आणि समजेल असं इंग्रजी पुरतं. उच्चाराच्या झोकाला त्यात गुण नाहीत. मुलीला लग्नानंतरचे बेत विचारावेसे वाटतात, ते मुलाला का विचारावेसे वाटत नाहीत?

या सगळ्यांची उत्तरं माझ्याकडे एका ओळीत नाहीत, पण काही गोष्टी माझ्या हातात आहेत. प्रत्येक उड्डाणाआधीच्या ब्रीफिंगमध्ये मी सांगायचं: गो-अराउंड दोघांपैकी कुणीही म्हटलं की गो-अराउंड, चर्चा जमिनीवर. आणि ते सांगताना कागद वाचल्यासारखं न सांगता समोरच्याकडे बघून सांगायचं. मुलाखतीत 'माहीत नाही' या उत्तराला ठरवून मान द्यायचा, कारण हवेत असताना तेच वाक्य वेळेवर ऐकायला मिळणं मला हवं आहे.

मुलाखतीच्या शेवटी आम्ही उमेदवाराला रिवाज म्हणून विचारतो, तुम्हाला काही विचारायचंय का? बहुतेक जण पगाराचं किंवा पोस्टिंगचं विचारतात. एखाद्याने विचारावं, 'सर, फर्स्ट ऑफिसरने तुम्हाला थांबवलं, तर तुम्ही थांबता का?' असा प्रश्न करणारा मला उद्धट वाटता कामा नये. त्याला मी निवडायला हवं, आणि त्याच्या प्रश्नाला 'हो' म्हणता यावं यासाठी रोजच्या उड्डाणात मला तसं वागायला हवं.